खोटा सर्व्हर

आमच्या कामात खरी सेवा तयार नसली की तिच्या जागी एक खोटा सर्व्हर उभा करतात. त्याला काहीही विचारा, पढवलेलं उत्तर तो तत्परतेने देतो. पैसे भरण्याच्या ॲपची चाचणी घ्यायला मी घरी बसून असाच एक बनवला. दिवसभर बोलायला कुणी नाही, म्हणून चेष्टेने त्याला शिकवलं, "पैसे मिळाले. जेवलास का?" दुपारभर तो विचारत राहिला आणि मला, हसू नका, बरं वाटत राहिलं.

ते वाक्य काढायचं मात्र विसरलो. ग्राहकाला ॲप दाखवताना पडद्यावर नेमकं तेच झळकलं. आमच्या टीमप्रमुख प्राचीमॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, याचं लग्न तरी लावून द्या कुणीतरी!" सगळे हसले. मीही.

संध्याकाळी आईचा फोन आला. कुकर अजून लावायचा होता. ती काय म्हणतेय ते नीट न ऐकताच मी सुरू झालो, "हो, जेवलो. तब्येत बरी आहे. काम चाललंय."

आईने मला थांबवलं.

"अरे, मी विचारलं, घरी कधी येतोस?"

याचं उत्तर माझ्यात भरलेलंच नव्हतं.