भांगेच्या गोळीतली वरची मूठ

तमाम सज्जनांना, आणि विशेषकरून माझ्या सासरच्या मंडळींना, कळवण्यात येत आहे की नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत दोन वर्षं भांग मोजत होते. भर दिवसा, पांढरा कोट घालून, सरकारी परवान्यानं.

कारखाना म्हणजे एका वैद्यांची पत्र्याची शेड. कॅन्सरच्या औषधांनी ज्यांच्या पोटात घास ठरत नाही, त्यांच्यासाठी वैद्यांना भांगेच्या पानांची गोळी करायची होती, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणारी. वैद्यांची स्वतःची बायको तशीच उलट्या करत खंगून गेली होती. "भांग चढते, औषध लागू पडतं," ते म्हणत. "मधे फक्त माप असतं."

गोळीच्या मंजुरीसाठी सलग तीन बॅच सारख्या ताकदीच्या निघायला हव्या होत्या. आमच्या निघेनात. मुंबईच्या प्रयोगशाळेचं उत्तर ठरलेलं: ताकद जास्त, आणि दर खेपेला वेगळी.

"बाई, चष्म्याचा नंबर बघून घ्या," वैद्य म्हणाले.

मी काटा तपासला, वजनं तपासली, देव्हाऱ्यासमोर शपथ घेतली. अश्रूही ढाळले, पण ते कोणी मनावर घेतले नाहीत.

त्या वर्षीच्या शेवटच्या संधीला औषध निरीक्षक स्वतः येऊन उभे राहिले. मी पानं ग्रॅमवर तोलून दिली. ती तुपात परतायचं काम सुरगाण्याच्या मावशींचं. द्राक्षांच्या कामाला आल्या होत्या, इकडेच राहिल्या. त्यांनी पानं कढईत सोडली. मग शेजारच्या सुपातली मूठभर पानं उचलली, कपाळाला लावली आणि वर टाकली. भात-नागली मोजून देताना शेवटी एक मूठ वर घालतात, तशी.

वैद्य मटकन स्टुलावर बसले. मंजुरी त्या दिवशी हातची गेली. मिळायला पुढे दीड वर्ष लागलं, आणि तेव्हाही कढईवर मावशीच होत्या. ती मूठ टाकलेली गोळी घेऊन एखादी म्हातारी भोवळ येऊन पडली असती, हे खरंच. पण दोन वर्षांत माझ्या काट्यावर मला आजारी माणूस एकदाही दिसला नव्हता, हेही खरं.

त्या क्षणी मात्र निरीक्षकांनी पेन उघडलं. "मावशी, ही मूठ कोणी टाकायला सांगितली?"

मावशींनी झारा तसाच हातात धरून आम्हा तिघांकडे पाहिलं. आमच्या घरी कोणी वळण लावलं नसावं, अशी ती नजर होती.

"आजाऱ्याला का कुठं तोलून देत्यात, साहेब?"