तीनपर्यंत बोल, चारपासून मार

माझे सासरे तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. तोफांनी त्यांचे कान अर्धे नेले आणि ब्रिज दिला. पत्ते खेळायला साहेब लोकांना चौथा गडी मिळेना, म्हणून यांना धरून बसवलं. तीन साहेब आणि तेव्हा हवालदार असलेले हे. खेळ ते शिकले, पण हुकमाच्या स्वरात शिकले. घरी आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो.

त्यांचा जुना भिडू मुलाकडे पुण्याला राहायला गेला, तेव्हा आबांची नजर माझ्यावर पडली. मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात गणित शिकवते. "सूनबाई, तुला आकडं कळत्यात. चल," एवढीच माझी निवड चाचणी. नवऱ्याला तर पत्ते म्हटलं की फक्त गणपतीतली रमी आठवते, त्यामुळे त्याच्याकडून विरोध नव्हता. या गोष्टीला पंधरा वर्षं झाली. दर मंगळवारी संध्याकाळी सासरा-सून समोरासमोर बसून क्लबात ब्रिज खेळतो. सुरुवातीला गल्लीतल्या बायकांनी नाकं मुरडली, मग त्यांनाच कंटाळा आला.

ब्रिज येत नसेल त्यांच्यासाठी एवढंच सांगते. चौघं खेळतात, समोरासमोरचे दोघं भिडू. पत्ते टाकण्याआधी बोली लागते, किती हात करणार आणि हुकूम कोणता याची. बोली तोंडानं बोलायची नाही, प्रत्येकाजवळ डबी असते, तिच्यातलं छापील कार्ड काढून ठेवायचं. त्यात एक लाल कार्ड असतं, डबल. एकच कार्ड, पण अर्थ दोन. एक अर्थ, "हे समोरचे बुडणार, यांना मारू, तू गप्प बस." दुसरा अर्थ अगदी उलटा, "माझ्याकडे बाकीचे रंग बरे आहेत, तू काहीतरी बोल." कुठला कधी, हे भिडूंनी आधी ठरवायचं आणि समोरच्यांनी विचारलं तर खरं सांगायचं. आमचं ठरलं होतं, समोरचे तीनच्या बोलीपर्यंत असतील तर 'बोल', चारपासून पुढे 'मार'. मीच एका कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं होतं. आबांनी त्याखाली सही केली होती, लष्करी.

सही केली आणि विसरले. आबांच्या मनात डबल म्हणजे मारच. तरीही आमचं कधी चुकायचं नाही, याचं कारण साधं होतं. मारायचा डबल असला की आबा ते लाल कार्ड टेबलावर असं आपटायचे की शेजारच्या टेबलावरचा चहा हिंदकळायचा. क्वचित ठरलेलं आठवून 'बोल'चा डबल दिलाच, तर कार्ड हळूच सरकवायचे. हे त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं. कानांना आवाज पोचायचा नाही आणि हाताचं हाताला कळत नाही.

आता कुणी म्हणेल, ही तर लबाडी. भिडूच्या हावभावावरून अर्थ काढायचा नाही, असा नियमच आहे. पण आमच्या क्लबात हा नियम पाळतं तरी कोण? आमचे निवृत्त तहसीलदार मारायचा डबल दिला की चष्मा पुसायला घेतात. दाताच्या डॉक्टरीणबाई 'बोल'चा डबल देऊन भिडूकडे अशा बघतात, जणू दाढ दुखतेय. सगळ्यांच्या खुणा सगळ्यांना माहीत, भिडूंना आणि समोरच्यांनाही. त्यामुळे कुणी कुणाला फसवत नाही, असं आमचं तत्त्वज्ञान. आबांनी आपटलं की समोरचे घाबरून दुसऱ्या रंगात पळायचे. आबा त्याला आपला दरारा समजायचे.

आणि मला हुशारी समजायचे. हे मला कबूल केलं पाहिजे. "माजी सून माजा डबल बराबर वळकती," हे त्यांनी दूधवाल्यापासून रक्त तपासायला येणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांना सांगितलं होतं. माझा पगार, माझी डिग्री, मी केलेली पुरणपोळी, कशाचंही त्यांना इतकं कौतुक नव्हतं. ते कौतुक मला हवं होतं. म्हणून मी पंधरा वर्षं बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गेल्या हिवाळ्यात सांगलीला स्पर्धा होती. आबांनी परस्पर नाव दिलं. आदल्या आठवड्यात मी त्यांना तीनपर्यंत बोल, चारपासून मार, हे चार वेळा पाठ करून घेतलं. आपटण्याचं मात्र जिभेवर येऊन परत गेलं. पेठ नाक्यावर चहा घेतानाही सांगता आलं असतं. पण आबा चहावाल्याला माझी ओळख करून देत होते.

हॉल मोठा होता, चाळीसेक टेबलं, मागे भडंगाची परात. दुपारच्या सत्रात आमच्यासमोर दोन तरुण इंजिनियर आले. मोबाईलवर ब्रिज शिकलेले, चेहऱ्यावर काडीचा भाव नाही. एकानं एक बदाम म्हटलं, मी पास, दुसऱ्यानं तीन बदाम. आणि आबांनी लाल कार्ड आपटलं. आजूबाजूच्या तीन टेबलांवरच्या माना वळल्या.

इंजिनियरानं मला शांतपणे विचारलं, "मॅडम, या डबलचा अर्थ काय?"

"तीनपर्यंतचा आहे. म्हणजे मी बोलायचं," मी खरं ते सांगितलं. तो पास म्हणाला. माझ्या हातात बदामाचं एकच पान होतं आणि इस्पिकाची पाच. कुठलंही शेंबडं पोरगं तीन इस्पिक बोललं असतं. मी पास म्हटलं. माझा हात आपोआप पासच्या कार्डाकडे गेला, पंधरा वर्षांची सवय. इंजिनियर दोन हात बुडाला, त्याला दुप्पट दंड बसला आणि आबांनी मिशीला पीळ भरला.

इंजिनियरानं माझी पानं बघितली आणि हात वर केला. ब्रिजमध्ये पंचाला डायरेक्टर म्हणतात. डायरेक्टर बाई आल्या, आमचं सही केलेलं कार्ड वाचलं, माझी इस्पिकाची पाच पानं बघितली. "मॅडम, ठरल्याप्रमाणे तुम्ही बोलायला हवं होतं. पास का म्हणालात?"

मला उत्तरं सुचत होती. डोकं दुखतंय, पानं उलटसुलट लागली, चुकून पासचं कार्ड आलं. त्यातलं कुठलंही चाललं असतं, चुकायला बंदी नाही. पण आबा मध्येच उठून उभे राहिले.

"आवं बाई, तिला कळतं! माजा डबल ती वळकती. साऱ्या साताऱ्याला इचारा. आमी काय लबाड हाय व्हय?"

आता काय करायचं? खोटं बोलले, तर आबांचं नाव राखलं जाईल आणि माझं कौतुकही. खरं बोलले, तर चाळीस टेबलांसमोर सुभेदार लबाड ठरणार, तेही सुनेच्या तोंडून. मला भीती वाटली आणि त्याहून जास्त लाज वाटली, कारण ते उभे राहून माझ्यासाठी भांडत होते.

"आबांनी कार्ड आपटलं, म्हणून मी पास म्हटलं," मी म्हणाले. "मारायचं असलं की ते आपटतात. त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे."

आबांना पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. मला परत, मोठ्यानं सांगावं लागलं. अख्ख्या हॉलनं ऐकलं. डायरेक्टर बाई सभ्य होत्या, त्यांनी आमचे गुण कापले, समज दिली आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या. आबा खाली बसले आणि उरलेल्या सत्रात एकदाही डबल दिला नाही.

परतताना कराड आलं. तसं आबा म्हणाले, "कवापासून आपटतोय मी?"

"पहिल्यापासून."

"क्लबात समद्यास्नी ठावं हाय?"

"हो."

"आन तू मला सांगायचं न्हाईस व्हय गं?"

"तुम्ही माझं कौतुक करत होतात, आबा. मला ते आवडायचं." मला रडू आलं, पण गाडी मीच चालवत होते.

पुढचे दोन मंगळवार ते क्लबात आले नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाले. रक्त तपासायला पोरगा येऊन गेला, त्याला फक्त वय सांगितलं. मी काही बोलायला गेले की टीव्हीचा आवाज वाढायचा. तिसऱ्या मंगळवारी मात्र दाढी करून, टोपी घालून दारात उभे राहिले.

त्या दिवशी समोर तहसीलदार आणि डॉक्टरीणबाई होत्या. त्यांची बोली तीन बदामावर गेली. आबांनी लाल कार्ड दोन बोटांत धरलं आणि टेबलावर असं ठेवलं, जसं देवापुढं फूल ठेवावं. कसलाच आवाज नाही. तहसीलदार गोंधळले. त्यांनी आबांच्या हाताकडे बघितलं, मग मिशीकडे.

"आबा, हे काय नवीन? असं गपचूप ठिवलं तर आमाला कळायचं कसं? ही फसवाफसवी बरी न्हाई."

"तिला इचारा," आबा म्हणाले.

"तीनपर्यंत, म्हणजे मी बोलायचं," मी म्हणाले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा समोर कसला डबल आहे ते मला कळत नव्हतं. माझ्याकडे किलवरची पाच पानं होती, तीही हलकी. ठरलं होतं ते ठरलं होतं. मी चार किलवर बोलले. खेळणारी मी, म्हणून नियमाप्रमाणे आबांनी आपली पानं टेबलावर उघडी मांडली. बदामाची पाच, एक्का-राजासकट. किलवरचं एकच, दुरी. आबा पुन्हा विसरले होते. त्यांना मारायचंच होतं, आणि मी 'बोलायचं' म्हणाले तेव्हा चूक कळूनही त्यांनी मला कसलीच खूण केली नव्हती.

मी चार हात बुडाले. तहसीलदारांना हसू आवरेना. "आबा, आपटला असता तर वाचला असता की वो!"

"व्हय," आबा म्हणाले. "चूक माजी हाय, तिची न्हाई. आन आपटला असता, तर माजी बी आन तिची बी पानं मीच खेळलो असतो. आज तिची ती खेळली."