ट्यूबचा पट्टा

पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला, की घाटंजीतली कापसाच्या गाड्यांची ती थांबलेली रांग आठवते. भाव पडला होता, खरेदी बंद होती, नि उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते. तेवढ्यात नगरपालिकेचा भोंगा ओरडला, की पट्टा नसलेली कुत्री उचलून नेणार. सायकलवाल्या चाचांनी जुनी ट्यूब कापून आमच्या गल्लीतल्या बेवारस तांबड्या कुत्र्याच्या गळ्यात बांधली. पकडणाऱ्यानं विचारलं, "कोनाचं हाय हे?" चाचा तोंड उघडायच्या आत त्यांच्या दुकानासमोरच्या रांगेतला एक अनोळखी गाडीवान म्हणाला, "माह्यं हाय. कायले हात लावता?" संध्याकाळी त्याची गाडी कापसासकट गावाकडे परतली, तेव्हा ते कुत्रं गाडीखालून, चाकांच्या मधोमध, संथ चालत निघालं. आम्ही हाका मारल्या, पण त्यानं वळूनही पाहिलं नाही. आता वाटतं, गाडीवान सहज बोलून गेला होता. कुत्र्यानं मात्र तो शब्द खरा धरला.