सॅविओच्या फियाटचं डावं दार

शिरोड्यात आमच्या शेजारी सॅविओचं गॅरेज आहे. जुन्या गाड्यांची लोंबलेली दारं तो ठीक करतो आणि जिभेने मालकांची वाट लावतो. दार अर्धं उघडायचं, खालून उचलायचं. नुसती बिजागरी खुळखुळली तर पिन झिजली. नवी घातली की झालं. पण बिजागरीसकट पिलर, म्हणजे दार ज्याला टांगलेलं असतं तो गाडीचा खांबच हलला, तर याचा निकाल ठरलेला. "पिलर कुजलो. भंगारात घाल." त्याचा चुलतभाऊ सिडनी, त्यालाही त्याच्या बापाच्या गाडीबद्दल मेल्याने हेच सुनावलं. बिचारा गॅरेजसमोरच रडला.

सॅविओची स्वतःची फियाटही बापाचीच. बाप याच गाडीतून लग्नाला गेला, मग हा गेला, आणि आता रविवारी याची एकुलती एक लेक फ्लाव्हिया लग्नासाठी चर्चला जायची होती. आणि नेमकं मागचं डावं दार लोंबायला लागलं! माणसाची झोपच उडाली.

त्याने पिन बदलली. दार पुन्हा खाली. दुसरी पिन आणली, तेच. मग पिन विकणाऱ्याचा उद्धार झाला, मग रस्त्यातल्या खड्ड्यांचा. दार उचलून बघायचं मात्र त्याच्या हातून होईना. मी कुंपणावरून म्हटलं, "उचलून बघ की रे!" तर माझ्यावरच खेकसला.

शेवटी फ्लाव्हियाच बाहेर आली आणि तिने दार उचललं. बिजागरी गप्प. पिलर हलला, आणि तिच्या पायावर तांबडा भुगा पडला.

"पप्पा, गिऱ्हायकांका सांगतस ता माका सांग."

तो उकिडवा बसून भुगा गोळा करायला लागला. कुजणार नाही तर काय होणार? हा पठ्ठ्या रोज सकाळी गाडीला न्हाऊ घालायचा, तेही आमच्या त्या मचूळ विहिरीच्या पाण्याने! त्या पाण्याने आमची पत्र्याची बादली टिकत नाही, आणि हा एवढ्या मायेने अख्खी गाडी गंजवत होता. मला हसू येत होतं, पण त्याचा चेहरा बघितला आणि मी ते गिळलं.

रविवारपर्यंत नवा पिलर बसवणं शक्य नव्हतं. त्याने ते दार सरळ वेल्डिंग करून चौकटीला जोडून टाकलं आणि वरून रंग मारला. आता ते उघडणारच नव्हतं.

लग्नाच्या दिवशी फ्लाव्हिया उजव्या दाराने बसली, उजव्याच दाराने उतरली. कोणाच्या लक्षातही आलं नाही. सिडनी मात्र मुद्दाम डाव्या बाजूला गेला. त्याने दाराला खालून हात घालून जोर लावला.

"इतक्या जुन्या गाडीचा दार, आणि जरा हलना नाय! आणि माझी मात्र भंगारात घालूक लावलंस!"

आता हा काय बोलतो म्हणून मी पुढे सरकलो. फ्लाव्हियाने बापाचा हात घट्ट धरला. सॅविओने दुसऱ्या हाताने दाराच्या ताज्या रंगावरून बोटं फिरवली. मग हळूच म्हणाला, "तुझी गाडी पण अशीच ऱ्हवली असती रे. तेव्हा माका समजाक नाय."