लहान तोंडाची लेन्स

“दादा, वहिनी म्हणजे आपली जुनी लेन्सच! कितीबी उजेड पाडा, आत थोडाच जातो!”

राहुरीतल्या आमच्या फोटो स्टुडिओत, काळ्या पडद्याआड मी प्रिंट्स धूत होते. धाकटे दीर माझ्या नवऱ्याला सांगत होते. हे हसले. लग्नाला चार महिने झाले होते. मी प्रिंट धूत राहिले.

स्टुडिओत किस्से साठतात ते कुणी न नेलेल्या फोटोंसारखे. मालक फिरकत नाही आणि टाकवतही नाहीत.

*

जुनी लेन्स मामंजींची, म्हणजे सासऱ्यांची. ती उजेड कमी घेई, म्हणून गिऱ्हाइकाला स्तब्ध बसावं लागे. मामंजी बजावत, “श्वास रोखा!”

एकदा एका आजोबांचा फोटो झाला, मामंजी चहा सांगायला गेले. परत येतात तो आजोबा लालबुंद!

“अहो, सोडा की आता!”

“तुमी सांगितलंच न्हाई!”

*

मग भाऊजींनी मुंबईहून मोठ्या तोंडाची लेन्स आणली. अंधुक उजेडातही झटकन फोटो! फक्त ती पूर्ण उघडली की एक रांग स्पष्ट, मागचं सगळं धूसर.

मामंजी म्हणत, “थोडी मिटव रे.”

“मोठं तोंड काय मिटायला घेतलंय?”

एका साखर कारखान्याच्या संचालकांचा फोटो त्यांनी तसाच काढला. पुढची रांग लख्ख, मागची धुक्यात. मागं नेमका विरोधी गट! दुसऱ्या दिवशी सगळे आमच्या दारात. “निवडणुकीआधीच पुसलं व्हय आमाला?”

मामंजींनी जुन्या लेन्सने पुन्हा काढला. मागच्यांच्या मिशासुद्धा आल्या.

चेअरमन मात्र हळूच म्हणाले, “पहिलाच बरा हुता!”

*

जामखेडच्या बाजारात मोठी लेन्स दिसली की गडी छाती काढून उभे राहत. मामंजींच्या लहानग्या लेन्सला कुणी विचारत नसे, म्हणून त्यांना माणसं भांडतानाही मिळत.

एक भाजीवाली तर खेकसली, “बाबा, ते डबडं बाजूला घ्या. भाव चाललाय!”

त्या फोटोत तिचं बोट आहे, थेट मामंजींकडे.

*

तरी जुनी विकायचं ठरलं. नगरहून गिऱ्हाईक आलं. दुपारच्या एस्टीने लेन्स जाणार होती. मामंजी ती पुसत बसले. स्वच्छ झाली तरी पुसतच होते.

मी चहा नेला. भाऊजी नव्या लेन्सची थोरवी म्हणून आमच्या लग्नाचा मोठा केलेला फोटो दाखवत होते. गोरज मुहूर्तानंतरच्या, अंधुक उजेडातल्या पाठवणीचा. ह्यांच्या मुंडावळ्यांचा मोती न् मोती स्पष्ट.

“मागचं कसं लोण्यागत वितळलंय बघा!”

गिऱ्हाइकाने फोटो डोळ्यांजवळ नेला. “झकास! फक्त खांबापाशी ते धोतर वाळत घातलंय, तेवढं काढायला हवं होतं.”

सगळे हसले. हेसुद्धा.

मी ट्रे खाली ठेवला.

“ते धोतर वाळत नाही घातलेलं,” मी म्हणाले. “तिथं माझे वडील उभे आहेत.”