मापाचा ब्लाउज आणू नये

डहाणू रोडला ब्लाउज शिवणाऱ्या बायकांकडे भिंतीवर एक सूचना हमखास असते, मापाचा ब्लाउज सोबत आणावा. वत्सूताईंच्या दुकानात खडूने लिहिलेली पाटी नेमकी उलटी होती : ‘मापाचा ब्लाउज आणू नये.’ लग्न होऊन मी इथे आले तेव्हा पहिल्यांदा ती वाचली आणि मला वाटलं, लिहिणाऱ्याची चूक झाली. मी पडले शिक्षिका. चूक दिसली की माझा हात शिवशिवतो. मी तसं बोलून दाखवलं. वत्सूताईंनी मशीनवरून मान वर न करता सांगितलं, “बरोबर लिवलंय. तुझा ब्लाउज पिशवीत ठेव आणि पडद्यामागे ये.”

पडद्यामागे एक स्टूल होतं आणि साडी अडकवायला खिळा. आरसा नव्हता. त्यांनी गळ्यातली टेप काढली तशी मी सवयीने पोट आत ओढलं, खांदे मागे घेतले. त्या म्हणाल्या, “श्वास सोड.” मी थोडासा सोडला. त्यांनी टेप परत गळ्यात घातली, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “सावकाश सोड. मी बसलेय इथे.” आणि खरंच बसून राहिल्या, बस चुकलेल्या माणसासारख्या. शेवटी मला हसू फुटलं आणि उरलासुरला श्वासही सुटला. तेव्हा कुठे त्यांनी माप घेतलं.

दुकान म्हणजे त्यांच्या घराची पुढची पडवी. त्या मूळच्या झाईच्या. गावाची शीव ओलांडली की गुजरात, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात दोन्हीकडचं असायचं. शिवण त्या उंबरगावच्या एका गुजराती बाईंकडे शिकल्या होत्या, म्हणून मापाचे आकडे कायम गुजरातीत. टेप धरून “छत्रीस” म्हणायच्या आणि वहीत मराठीत ‘छत्तीस’ लिहायच्या. त्यांच्या ब्लाउजात दोन्ही बगलांना आतून दोन दोन बोटं जास्तीचं कापड सोडलेलं असे. ते टोचतं अशी तक्रार प्रत्येक बाई एकदा तरी करायची. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं : “अंग हाय बेन, खांब नाय. हलणार.”

माझ्या अंगाला त्यांनी शिवलेले ब्लाउज फार छान बसत, आणि मला त्याचा चांगलाच तोरा होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. शाळेत सहकारी बायका विचारायच्या, कुठे शिवलास? मी मुद्दाम थोडं थांबून सांगायची.

मग ओवी झाली. ती आठ महिन्यांची असताना मी तलासरीच्या शाळेत परत रुजू झाले. रोज सकाळी पाजून निघायचं, संध्याकाळी बसमधून उतरलं की धावत घरी. ती पावणेदोन वर्षांची झाली तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत तिचं अंगावरचं दूध सोडवायचं ठरलं. चार दिवस ती रडली, पाचव्या दिवशी स्टीलच्या पेल्यातून दूध पिऊन मिशी पुसत खेळायला पळाली. तिचं काम संपलं. माझं सुरू झालं.

आधी दोन्ही बाजू दगडासारख्या घट्ट झाल्या, ताप आल्यासारखं अंग कणकणायचं. सासूबाईंनी मोगऱ्याचे गजरे आणून ब्लाउजच्या आत ठेवायला लावले, त्यांच्या माहेरी तसंच करत. हळूहळू दूध आटलं. आणि त्याबरोबर सगळंच ओसरलं. जे भरलेलं होतं ते सैल पडलं. शिवाय सारखं पडलं असतं तर एक वेळ चाललं असतं, पण डावी बाजू मोठी राहिली आणि उजवी चिमून गेली. कंगव्यात केसांचे पुंजके येत. पाळी आली तीही बेभरवशाची. ओवी पेल्याने दूध पिताना दिसली की माझे डोळे भरून यायचे, आणि कशासाठी ते विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. शेजारपाजारच्या सगळ्या विचारायच्या, सोडलं का बाळाने? मला काय झालं ते कोणी विचारत नव्हतं. डॉक्टरबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, असं होतं, काही महिने जातील, एक बाजू कमी-जास्त राहणंही नवं नाही, गाठ लागली तर मात्र लगेच या. नवरा रेल्वेत, सिग्नलकडे. तो म्हणाला, मला तर काहीच फरक दिसत नाही. बिचारा चांगल्या मनाने म्हणाला, आणि मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. मला माझ्या अंगाचा राग यायचा आणि मग त्या रागाचीच लाज वाटायची. त्याच अंगाने माझं लेकरू वाढवलं होतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. मी जुने ब्लाउज घालून वर पदर पिनेने दोन्ही खांद्यांवर घट्ट लपेटून घ्यायची. हात वर केला की पदर सरकायचा, म्हणून मी फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात लिहिणंच सोडलं. चौथीतल्या एका मुलीने विचारलं, बाई, तुम्ही खालीच का लिहिता, मागच्यांना दिसत नाय. मी तिला पुढे येऊन बसायला सांगितलं.

ऑगस्टमध्ये वाणगावच्या एका शाळेत डहाणू-तलासरी दोन्ही तालुक्यांतल्या शिक्षकांसमोर नमुना पाठ घ्यायचा होता. मुख्याध्यापिकांनी माझं नाव सुचवलं आणि पुढच्या सोमवारपर्यंत होकार कळवा म्हणाल्या. नोकरीला लागल्यापासून मी ह्या संधीची वाट पाहत होते. आता मात्र पन्नासेक माणसांसमोर कधी फळ्याकडे पाठ करून, कधी तोंड करून उभं राहायचं म्हटल्यावर मी नकाराची कारणं शोधायला लागले. मग मी मनाशी एक खुळी पैज लावली. अंगाला पूर्वीसारखा बसलेला एक ब्लाउज मिळाला, तर हो म्हणायचं. नाहीतर नाही.

कपाटातून ओवीच्या आधीचा एक ब्लाउज काढला आणि नवीन कापडासोबत वत्सूताईंकडे नेला. पाटी माहीत होतीच. परगावच्या बाईचा असेल तरच त्या मापाचा ब्लाउज घेत, हेही माहीत होतं. म्हणून सांगितलं की बहिणीचा आहे, ती नाशिकला असते, तिला येता येणार नाही, अगदी अस्साच शिवा. वत्सूताईंनी ब्लाउज उलटा करून आतली शिवण बघितली, मग माझ्याकडे बघितलं. बहीण मजेत आहे ना, एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, शनिवारी ये.

शनिवारी घरी आणून घातला. पुढून पोकळ, पाठीत आवळलेला, दंडात इतका घट्ट की हात खांद्याच्या वर जाईना. खाली बसून मी रडले. मग तोंड धुतलं आणि ब्लाउज पिशवीत कोंबून, ओवीला सासूबाईंकडे देऊन, दुपारच्या उन्हात परत गेले. परत करायचा आणि यायचं, एवढंच ठरवलं होतं.

“बहिणीला नाय बसला?” वत्सूताईंनी विचारलं.

मी पिशवी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी मशीन थांबवलं.

“तो मापाचा ब्लाउज माझ्याच हातचा होता. तुझ्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीचा. आपली टीप मी ओळखत नाय काय?”

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसऱ्यांच्या चुका काढणारी मी, शिवणारीलाच तिच्या हातचं शिवण परकं म्हणून देऊन आले होते. मी विचारलं, मग शिवलात कशाला?

“मी नाय म्हटलं असतं तर तू दुसरीकडे गेली असतीस. आणि तिने आत कापड सोडलं नसतं. चल पडद्यामागे.”

त्यांनी ह्या वेळी दोन्ही बाजूंची मापं वेगवेगळी घेतली. कोणी न सांगता म्हणाल्या, पोरीला डावीकडून जास्त पाजलंस. मी चकित झाले. उजव्या हाताने मी मुलांच्या वह्या तपासत असायची, म्हणून ओवी कायम डावीकडे. त्या म्हणाल्या, इतक्या बायांची मापं घेतली, कोणाचं पोर कुठल्या कुशीत वाढलं ते टेपला कळतं. थोडंफार सारखं होईल, थोडं राहील. मग स्टुलावर बसून त्यांनी जे सांगितलं ते एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी त्याचा उल्लेख केला नाही.

“माझा मुलगा सुटला अंगावरून, तेव्हा मी पण अशीच झालेली. चिपाड. माझी आई झाईला, इथनं किती लांब? बोलवायची, मला तुला बघायचंय. मी निरोप धाडायची, जरा अंग भरू दे, नीट दिसायला लागले का येते. चाललं असं वर्षभर. पावसाळ्यात ती गेली. मी नीट दिसायची वाट बघत थांबले होते, आणि तिला नुसतं बघायचं होतं.”

पडवीत बाहेर कोणीतरी हाक मारली. त्यांनी थांब म्हणून सांगितलं आणि टेप गुंडाळली. ती पाटी कशासाठी लिहिली, ते मी मग विचारलं नाही.

तासाभरात त्यांनी माझ्यासमोर तो ब्लाउज उसवून पुन्हा शिवला. पाठीतलं, दंडातलं आत दडवलेलं कापड बाहेर आलं. छातीला आकार देणारे पुढचे दोन्ही टक त्यांनी वेगवेगळे घातले, डावा मोकळा, उजवा आत घेऊन. मी घातला, हात वर केला. गेला. सोमवारी मुख्याध्यापिकांना हो कळवलं. वाणगावला पाठाच्या दिवशी मी पदर एका पिनेवर ठेवला आणि पाठाचं नाव फळ्याच्या अगदी वरच्या कडेला, टाचा उचलून लिहिलं. पाठ बरा झाला. एका गुरुजींनी अक्षर शेवटच्या बाकापर्यंत दिसलं म्हणून शाबासकी दिली.

डॉक्टरबाईंनी आणि वत्सूताईंनी सांगितलं होतं तसंच झालं. वर्षभरात केस गळायचे थांबले, पाळी मार्गी लागली, रडू कधी कमी झालं ते कळलंही नाही. डावी-उजवी थोडी जवळ आली, थोडी राहिली. दर दिवाळीला वत्सूताई नवं माप घेत आणि जुन्या आकड्यावर रेघ मारत.

मागच्या वर्षी त्या गेल्या. पोटाचा आजार होता, शेवटचे काही महिने त्या झपाट्याने वाळल्या. दुकान बंदच होतं. त्यातल्याच एका दुपारी त्यांच्या सुनेचा फोन आला, आई बोलावतायत. गेले तर वत्सूताई पडवीत मशीनशेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. अंगावरचा ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. म्हणाल्या, झाईला भावाकडे जायचंय, सगळे बघायला मागतात. सून शिवेल ब्लाउज, तिला शिवण येतं, पण माप घ्यायला ती लाजते. मी म्हटलं, जुना आहे ना, त्यावरून शिवू दे. त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे नुसतं बोट दाखवलं.

मी त्यांना धरून पडद्यामागे नेलं. टेप त्यांच्या पाठीमागून पुढे आणली आणि बघते तर वत्सूताईंनी श्वास ओढून छाती भरून धरलेली, खांदे मागे, मान ताठ. डोळे मिटलेले. एवढ्या वर्षांत त्यांचं माप कोणी घेतलंच नसावं.

मी टेप गळ्यात घातली आणि स्टुलावर बसले.

“श्वास सोडा, ताई. सावकाश. मी बसलेय इथे.”

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे बघून हसल्या, आणि सोडला.