आवाज जाण्याआधीचं गाणं

गार्गीच्या आप्पांचा फोन आला तेव्हा मी दुबईत, सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसात मीटिंगला बसले होते. गेली दोन वर्षं त्या घरातून मला फक्त मेसेज येत, फोन कधीच नाही. स्क्रीनवर नाव दिसलं आणि मी उठून बाहेर आले. “खलास गं, मेधा...” एवढंच म्हणाले. इथे दूध संपलं, शिफ्ट सुटली, हिशेब मिटला, की सगळे हाच शब्द वापरतात. मी जिन्यातच खाली बसले. गार्गी गेली होती.

शारजाला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये वाढलो. गार्गीची आई ती शाळेत असतानाच गेली. आप्पा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. सुट्टीला ते आम्हा दोघींना दुबईत फिरवून आणत. परतीच्या वाटेवर गाड्या तुंबल्या की गार्गी मागच्या सीटवरून सारखी विचारायची, “आप्पा, आर वी देअर?” आणि आप्पा प्रत्येक वेळी शांतपणे म्हणायचे, “अजून थोडं पुढे.” मोठी झाल्यावर तिने त्याचंच गाणं लिहिलं. हिंदी, इंग्रजी आणि ध्रुवपदात ही एकच मराठी ओळ. चाल मी लावली. ताल ब्रेक मारत, सरकत जाणाऱ्या गाडीचा. गंमत म्हणून आम्ही ते एका आंतरराष्ट्रीय गीतस्पर्धेला पाठवलं आणि फायनलला निवडलं गेलं! फायनल अबुधाबीत, टीव्हीवर थेट.

तिचा आवाज त्याआधीपासूनच बसलेला होता. “एसीने होतं गं,” म्हणून ती टाळत राहिली. शेवटी आप्पांनी तिला ओढून डॉक्टरकडे नेलं, मीही सोबत गेले. स्वरयंत्रात गाठ होती, आणि ती साधी नव्हती. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणजे नैसर्गिक आवाज जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. “उद्याच करा,” आप्पा म्हणाले. गार्गीने डॉक्टरांना विचारलं, “फायनलनंतर केलं तर? दोनच आठवडे आहेत.” डॉक्टर म्हणाले, “थांबा असं मी म्हणणार नाही. थांबल्याने नक्की बिघडेल, असंही सांगता येत नाही.” त्या उत्तराने दोघांच्याही हातात हत्यार दिलं.

गाडीत आप्पा स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. “एका गाण्यासाठी जीव घालवणार तू?”

“आप्पा, आवाज तसाही जाणारच आहे,” ती म्हणाली. “तो कुठे खर्च करायचा, एवढं तरी मला ठरवू दे ना. प्लीज.”

पुढचे दोन आठवडे त्या घरात कुणी धड जेवलं नाही. आवाज जपायचा म्हणून ती दिवसभर बोलायची नाही आणि राग म्हणून आप्पा बोलायचे नाहीत. मी मधल्या मध्ये निरोप पोचवायचे. फायनलच्या दिवशी मात्र गाडी काढून आप्पाच आम्हाला अबुधाबीला घेऊन गेले. हॉलच्या दाराशी त्यांनी तिच्या हातात कोमट पाण्याचा थर्मास दिला आणि ते पार्किंगमध्ये जाऊन बसले.

स्टेजवर आम्ही दोघीच, मी कीबोर्डवर, ताल मशीनवर. पहिलं कडवं स्वच्छ लागलं. दुसऱ्या कडव्यात वरच्या सुरावर तिचा आवाज फाटला... आणि पुढची ओळ आलीच नाही. तोंड उघडं, माईक समोर, मागे ताल चालू. मी तीच सुरावट पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. तिने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि तळहात खाली दाबला. पट्टी उतरव. मी काळी पाचवरून थेट काळी तीनवर आले. तिथून तिने ध्रुवपद धरलं, जवळजवळ बोलल्यासारखं, खरखरीत, कुणाच्या तरी कानाशी सांगावं तसं. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. ती जागा आम्ही मुद्दाम बांधली आहे असंच परीक्षकांना वाटलं. त्यांनी तिचं खास कौतुक केलं. आम्ही जिंकलो. ट्रॉफी घेताना गार्गी हसत होती, पण तिच्या तोंडून “थँक यू”सुद्धा फुटलं नाही. ते मी म्हटलं.

त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. नंतर गळ्याला लावून बोलायचं यंत्र मिळालं. तिने ते एकदा लावून पाहिलं, नाक मुरडलं आणि कपाटात ठेवून दिलं. गाणं मात्र सगळीकडे वाजत होतं, मॉलमध्ये, सुपरमार्केटात. एकदा टॅक्सीत लागलं तर ड्रायव्हरने आवाज वाढवला आणि म्हणाला, “मॅडम, ये वाली आवाज सुनो!” ती खिडकीकडे तोंड करून, खांदे हलवत, बिनआवाजी हसत राहिली. आप्पांना मात्र गाणं लागलं की सहन होत नसे. ते उठून जात.

यंदा आजार परतला. तेव्हा घाई केली असती तरी फारसा फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मला ते पटतं. आप्पांना पटत नाही. दोघांपैकी कोण बरोबर, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

निवृत्तीनंतर आप्पांचा व्हिसा गार्गीच्या नावावर होता, म्हणून त्यांना आता देश सोडून चिपळूणला बहिणीकडे जायचं आहे. परवा मी सामान बांधायला गेले. आप्पा हॉलमध्ये टीव्हीसमोर बसले होते, क्रिकेटची मॅच चालू, आवाज बंद. ऑपरेशननंतर गार्गीला आतून काही हवं असलं की ती भिंतीवर दोनदा टकटक करायची. ती ऐकू यावी म्हणून त्या घरात टीव्ही कायम मुका असे. “आप्पा, आवाज वाढवू का?” मी रिमोट उचलत विचारलं.

“नको,” ते लगेच म्हणाले. “मग ऐकू येत नाही.”

मी रिमोट खाली ठेवला. आम्ही दोघं तशीच मॅच बघत बसलो.